कवळीचे मेण आणि हाताचे मोल

निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून हौसेने करवून घेतलेली कवळी सहा महिन्यांत फडताळातल्या वाटीत जाऊन पडावी आणि तिच्या मालकाने पुन्हा वरणात कुस्करलेल्या पोळीवर गुजराण करावी, हे दृश्य मध्यमवर्गीय घरांत दुर्मीळ नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘बसत नाही.’ घरातली माणसे म्हणतात, सवय करून घ्या. दंतवैद्य म्हणतात, हिरड्या झिजल्या आहेत. आणि म्हातारा माणूस, आपल्या वयालाच दोष देऊन, गप्प बसतो. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात गेले, या जुन्या म्हणीत त्याच्यासाठी आणखी एक ओळ जोडावी लागते : दात विकत आणले, तरी चणे काही खाता आले नाहीत.

या अपयशाला कारणे अनेक असतात. काही जबड्याची हाडे खरोखरच इतकी झिजलेली असतात, की कोणत्याही कारागिराचे कसब तेथे अपुरे पडावे. तथापि फसलेल्या कवळ्यांपैकी पुष्कळांचे भवितव्य रुग्णाच्या तोंडात ठरलेले नसते. ते दंतप्रयोगशाळेतल्या एका टेबलावर, स्पिरिटच्या दिव्याशेजारी, गुलाबी मेणाच्या एका पट्टीत ठरलेले असते. समाजाला या टेबलाची ओळख नाही. त्यावर काम करणाऱ्या माणसाची तर नाहीच नाही.

मेणाचा स्वभाव

कवळी प्लास्टिकची असते हे सर्वांना ठाऊक आहे. १९३०च्या दशकात ॲक्रिलिक आले. त्यापूर्वी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून व्हल्कनाइट नावाचे कडक रबर वापरले जाई. पण कवळी प्लास्टिकमध्ये घडत नाही. ती मेणात घडते आणि प्लास्टिकमध्ये उतरते. जबड्याचे माप घ्यायचे, त्यावरून प्लॅस्टरचा नमुना ओतायचा, नमुन्यावर पातळ तळपट्टी बसवायची, तिच्यावर मेणाचा कठडा उभारायचा, त्यात दात रोवायचे, मेणाच्याच हिरड्या कोरायच्या; मग सारे साच्यात गाडून उकळत्या पाण्याने मेण वितळवून टाकायचे आणि त्या पोकळीत ॲक्रिलिक दाबून भरायचे. मेणात जे असेल तेच प्लास्टिकमध्ये येणार. मेणातली चूक नंतर घासून थोडीफार कमी करता येते, पण मोडता येत नाही.

ही कल्पना भारताला परकी नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्ती ओतण्याची मधूच्छिष्ट पद्धती वर्णिलेली आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले, अर्थात मेण. मेणाची मूर्ती करावी, तिच्यावर मातीचे लेप द्यावेत, तापवून मेण काढून टाकावे आणि त्या रिकाम्या जागी धातू ओतावा. किती मेणाला किती धातू लागेल याचे प्रमाणही तेथे सांगितले आहे. देवाची मूर्ती आणि म्हाताऱ्याची कवळी या दोन्हींच्या मुळाशी एकच युक्ती आहे, हे कळल्यावर तरी या कामाकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलावयास हरकत नाही.

प्रयोगशाळेतले हे गुलाबी मेण मुख्यतः पॅराफिनचे असते. त्यात मधमाश्यांचे मेण, कार्नोबा नावाचे वनस्पतिजन्य मेण आणि राळेसारखे पदार्थ मिसळून त्याला हवा तसा कठीणपणा आणि लवचीकपणा आणलेला असतो. मेण दिसते गरीब, पण स्वभावाने ते मोठे हट्टी आहे. दंतवैद्यकात जे पदार्थ वापरले जातात, त्यांत उष्णतेने सर्वाधिक फुगणारा आणि थंडीने सर्वाधिक आक्रसणारा पदार्थ मेण हाच होय. त्याहून मोठी अडचण अशी, की मेणाला स्मरण असते. पुरेसे गरम न करता मेणाची कांडी नालेच्या आकारात वाकवली आणि पाण्यावर तरंगत ठेवली, तर काही तासांत तिची टोके एकमेकांपासून दूर सरकू लागतात. बळाने वाकवलेले मेण सवड मिळताच आपल्या मूळ आकाराकडे परत फिरते. म्हणून जाणता कारागीर मेणाची पट्टी आचेवर नुसती बाहेरून चटकवत नाही. ती आतपर्यंत सारखी मऊ होईल अशा बेताने, ज्योतीपासून दूर धरून फिरवत राहतो, घड्या घालताना आत हवा राहू देत नाही, नमुन्यावर घाईने दाबत नाही. आणि दात रोवून झालेली मेणाची कवळी तो दिवसेंदिवस तशीच पडू देत नाही. होईल तितक्या लवकर तिला साच्यात घालतो. कारण रात्रभरात एखादा दात केसभर हलला, तरी दोन जबडे मिटताना तो एकटाच आधी टेकतो आणि सारी कवळी डुगडुगते.

येथे हवामानाचाही प्रश्न आहे. हे मेण मऊ, मध्यम आणि कठीण अशा जातींत मिळते, आणि उष्ण प्रदेशासाठी कठीण जात सांगितलेली आहे. वैशाखात नागपुरास किंवा जळगावास, दवाखान्यातून प्रयोगशाळेकडे दुचाकीच्या डिकीतून निघालेली मेणाची कवळी वाटेतच आपला आकार सोडू लागली, तर त्यात नवल ते काय? थंड पाण्याच्या डब्यातून ती न्यावी, एवढी साधी खबरदारी पुरेशी असते. पण ती घ्यायची तर मेणाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो, आणि तो ठाऊक असलेला माणूस बहुधा या नेआणीत कोठेच नसतो.

चेहरा घडतो तो येथेच

मेणाच्या कठड्याला मापे आहेत. वरच्या जबड्याचा कठडा समोरच्या बाजूस ओठामागच्या खळगीपासून सुमारे २२ मिलिमीटर उंच आणि खालचा सुमारे १८ मिलिमीटर, असे विद्यार्थ्यांना शिकवले जाते. पण हा केवळ आरंभ आहे. हा कठडा रुग्णाच्या तोंडात ठेवून मग दंतवैद्याने तो खरवडायचा असतो वा वाढवायचा असतो : समोरून पाहता डोळ्यांच्या बाहुल्यांना जोडणाऱ्या रेषेशी तो समांतर हवा, बाजूने पाहता नाकपुडीपासून कानापर्यंत जाणाऱ्या रेषेशी. त्यावर चेहऱ्याची मध्यरेषा, सुळ्यांची जागा आणि हसताना ओठ कोठवर वर जातो त्याची खूण करायची. वरचे व खालचे दात एकमेकांपासून किती अंतरावर असावेत हेही येथेच ठरते. माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याचे दात एकमेकांवर टेकलेले नसतात. त्यांत साधारण दोन ते चार मिलिमीटरांची फट असते. ही फट बुजवली तर बोलताना दात टकटक वाजतात, जबडा दिवसभर ओझे वाहिल्यासारखा शिणतो, हिरड्या दुखतात. ती फार वाढवली तर हनुवटी नाकाकडे सरकते, गाल बसतात, ओठांचे कोपरे ओले राहून चिरतात, आणि दात बसवूनही तोंडाचे बोळके ते बोळकेच राहते.

दात रोवल्यानंतरचे काम त्याहून नाजूक आहे. हिरड्या कोरताना कारागीर प्रत्येक दाताच्या मुळाचा उंचवटा मेणात दाखवतो. सुळ्याचे मूळ सर्वांत लांब, म्हणून तेथला उंचवटा ठळक. त्याच्या आतल्या बाजूच्या लहान दाताचा त्यामानाने आखूड आणि सौम्य. दोन दातांमधली हिरडीची निमुळती टोके भरीव हवीत, नाहीतर तेथे अन्न साठते. हा सारा खटाटोप केवळ शोभेसाठी आहे, असे समजणे चुकीचे होईल. ब्रिटिश दंतवैद्य विल्फ्रेड फिश यांनी १९३३ साली पूर्ण कवळीविषयी जे विवेचन केले, त्याचे मर्म हेच होते, की कवळीला तीन पृष्ठे असतात : हिरडीवर बसणारे, दातावर दात टेकणारे, आणि गाल, ओठ व जीभ यांना स्पर्श करणारे. पहिल्या दोहोंची काळजी सगळे घेतात. तिसऱ्याकडे दुर्लक्ष होते. या तिसऱ्या पृष्ठाला योग्य उतार आणि खोलगटपणा असला, तर गाल आणि जीभ कवळीला दोन्ही बाजूंनी सावरून धरतात. तेथे मेण फुगवून ठेवले, तर तेच स्नायू प्रत्येक घासाला, प्रत्येक शब्दाला तिला ढकलून देतात. ‘बसत नाही’ या तक्रारीचे एक मोठे कारण येथे, मेणाच्या चाकूने कोरायच्या राहून गेलेल्या त्या उतारात असते.

मराठी बोलणारे तोंड

कवळी चावण्यासाठी असते तशी ती बोलण्यासाठीही असते, आणि शिक्षक, वकील, कीर्तनकार यांच्या बाबतीत तर ती आधी बोलण्यासाठी असते. वरच्या पुढच्या दातांमागे टाळूवर मेणाची जाडी किती ठेवली, यावर जिभेचा मार्ग अवलंबून राहतो. इंग्रजी पाठ्यपुस्तके याच्या परीक्षेसाठी रुग्णाला इंग्रजीतून पन्नास ते साठ आकडे मोजायला सांगतात. त्यात ‘फ’ आणि ‘स’ यांच्या जवळचे उच्चार वारंवार येतात आणि समोरच्या दातांची लांबी व जागा बरोबर आहे की नाही, ते कळते. इंग्रजी बोलणाऱ्यास ही कसोटी योग्यच आहे. पण मराठी माणसाच्या तोंडात ‘च’ दोन आहेत. ‘चार’ या संख्येतला वेगळा आणि ‘चारा’ या शब्दातला वेगळा. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात तर दोन्ही येतात. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील भेद लिपी दाखवत नाही. तो जीभ दाखवते, आणि तेही नेमक्या त्या ठिकाणी, जेथे मेणाचा थर जाड राहण्याचा संभव सर्वाधिक असतो. चाळीस वर्षे वर्गात उभे राहून स्वच्छ उच्चार करणाऱ्या शिक्षकाचे ‘झाड’ कवळीमुळे बोबडे झाले, तर त्याने कवळी काढून ठेवणे अगदी स्वाभाविक आहे.

मेणातील कवळी तोंडात बसवून पाहताना रुग्णाकडून चार मराठी वाक्ये म्हणून घ्यावीत, यासाठी कोणत्याही यंत्राची वा अनुदानाची गरज नाही. तरीही या कसोटीसाठी मराठीतील शब्दांची एखादी छापील यादी दवाखान्याच्या भिंतीवर क्वचितच आढळेल. तीच गोष्ट रंगाची. भारतीय माणसाच्या हिरड्या अनेकदा काळसर वा तपकिरी छटेच्या असतात. तशा छटेचे ॲक्रिलिक मिळू शकते. पण मागितले नाही तर कवळी कोऱ्या गुलाबी रंगात येते आणि हसणाऱ्या माणसाच्या तोंडात ती परक्याची वस्तू म्हणून उठून दिसते.

घाई कोणाची, तोटा कोणाचा

या सर्व दुरुस्त्यांची वेळ एकच असते : मेणातली कवळी तोंडात बसवून पाहण्याची. त्या भेटीत दात पुढे-मागे करता येतात, उंची बदलता येते, रुग्णाला आरशात पाहून ‘नाही’ म्हणता येते. एकदा मेण उकळून गेले, की हा हक्क संपतो. पण नेमकी हीच भेट घाईत उरकली जाते. रुग्णाला वाटते, डॉक्टरांना काय सांगायचे. दंतवैद्याला बाहेर थांबलेले दहा रुग्ण दिसत असतात. आणि प्रयोगशाळेत तंत्रज्ञाला नगावर मजुरी मिळत असते. जितके नग अधिक तितके पैसे अधिक, ही जेथे हिशेबाची रीत आहे, तेथे सुळ्याच्या मुळाचा उंचवटा कोरीत बसणे हा स्वतःच्या खिशातून केलेला धर्मादाय ठरतो. मेण उकळून काढल्यावर दातांवर त्याचा तवंग राहू नये म्हणून स्वच्छ उकळते पाणी पुन्हा पुन्हा ओतावे लागते, नाहीतर दात आणि ॲक्रिलिक यांची पकड धरत नाही आणि वर्षभरात दात निखळून हातात येतो. ॲक्रिलिक शिजवतानाही संयम हवा. सुमारे ७४ अंश सेल्सिअसला आठ-नऊ तास ठेवण्याची पद्धत सावकाश आहे, पण घाईने एकदम उकळी आणली तर त्यातील द्रव वाफ होऊन आत बुडबुडे धरतात. प्रत्येक टप्प्यावर वेळ वाचवता येतो, आणि प्रत्येक वाचवलेल्या तासाची किंमत शेवटी त्या वाटीत पडलेल्या कवळीने मोजली जाते.

यावर कोणी म्हणेल, की हा सारा हस्तकौशल्याचा उसासा आता व्यर्थ आहे. संगणकावर कवळी आखता येते, यंत्र ती ठोकळ्यातून कोरते किंवा थरावर थर देऊन छापते. हे खरे आहे आणि स्वागतार्हही आहे. यंत्राचे मेण रात्रीतून वाकत नाही. एकदा नोंदलेली कवळी हरवली तरी पुन्हा तशीच काढता येते, ही तर म्हाताऱ्या माणसासाठी मोठीच सोय. पण पडद्यावर हिरडीचा उतार ओढणाऱ्याला तो उतार कशासाठी असतो हे माहीत असावेच लागते. मेणात बोटे भाजून जे शिकले गेले, तेच ज्ञान पडद्यावर लागते. आणि ते ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती यंत्र दिल्यास वाईट कवळ्या अधिक वेगाने निघतील, एवढाच फरक पडेल. शिवाय हे यंत्र तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत तेथल्या वृद्धांनी उपाशी राहावे काय, हाही प्रश्न उरतोच.

नाव कोणाचे?

भारतात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कोलकात्यात १९२० साली सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ सालचे. १९४८च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्यांबरोबर ‘डेंटल मेकॅनिक’ हा स्वतंत्र वर्ग मान्य करून त्याच्या नोंदणीची तरतूद केली. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात या कारागिराला जागा मिळून पाऊणशे वर्षे लोटली. व्यवहारात मात्र कवळी ज्याच्या तोंडात जाते, त्याला ती कोणी घडवली हे कधीच कळत नाही. ब्रिटनमध्ये २००८ पासून दंततंत्रज्ञाला नोंदणीवाचून काम करता येत नाही. युरोपातील नियमांप्रमाणे एका विशिष्ट रुग्णासाठी घडवलेल्या अशा वस्तूबरोबर निर्मात्याचे लेखी निवेदन असावे लागते. औषधाच्या बाटलीवर कारखान्याचे नाव, शिवलेल्या कोटावर शिंप्याची पट्टी. मग वर्षानुवर्षे तोंडात बाळगायच्या वस्तूवर कोणाचेच नाव नको, हा कोणता न्याय?

येथे एक भीती व्यक्त केली जाते, की तंत्रज्ञाला मान दिला तर तो स्वतःच दवाखाना थाटील. रस्त्याच्या कडेला बसून शेजारच्या दातांना कच्चे ॲक्रिलिक चिकटवणाऱ्यांनी केलेली हानी पाहता ही भीती निराधार नाही. पण त्या माणसांपाशी लोक जातात ते मुख्यतः पैशाअभावी. उलट, नोंदणी, प्रशिक्षण आणि योग्य मेहनताना मिळालेल्या कारागिराला बेकायदा दुकान मांडण्याचे कारण उरत नाही. बंधने आणि प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी एकाच नोंदवहीतून येतात.

दातांचा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल, तर इतिहासातील एक प्रसंग आठवावा. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा मोफत कवळ्यांसाठी लोकांची अशी रीघ लागली, की सारे अंदाज कोसळले. १९५१ साली सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क बसवायचे ठरवले, आणि ही सेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन यांनी त्या निर्णयाविरुद्ध मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांची भूमिका आर्थिकदृष्ट्या योग्य होती की नाही, याबद्दल मतभेद असू शकतील. पण म्हाताऱ्या माणसाला चावता यावे हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे, असे मानणारा एक मंत्री होऊन गेला. शेजारच्या कर्नाटकानेही दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी मोफत कवळीची ‘दंतभाग्य’ योजना आखली.

महाराष्ट्रात अशा योजनेचा विचार करताना केवळ कवळ्यांची संख्या मोजून भागणार नाही. वाटप झालेल्या कवळ्यांपैकी किती वर्षभरानंतरही तोंडात आहेत, हे मोजावे लागेल. मेणातील कवळी रुग्णाला दाखवून त्याची संमती घेतल्याची नोंद, तंत्रज्ञाचे नाव व नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी, मराठीतून लिहिलेली प्रशिक्षणाची पुस्तके, आणि नगाऐवजी कामाच्या दर्जाप्रमाणे मोबदला, एवढ्या चार गोष्टींनी पुष्कळ काही साधेल. यांतील दोन गोष्टींना तर शासनाच्या तिजोरीला हातही लावावा लागणार नाही.

नातवाला गोष्ट सांगताना आजोबांचे शब्द स्पष्ट निघावेत, लग्नाच्या पंगतीत त्यांनी ताटातली चकली बाजूला सारू नये, छायाचित्र काढताना आजीने तोंडावर पदर घेऊ नये, एवढ्याच या विषयातील अपेक्षा आहेत. त्या पुऱ्या करणारा हात शहराच्या मागल्या गल्लीत, पंखा बंद ठेवून, कारण वाऱ्याने ज्योत हलते, मेणावर वाकलेला असतो. मेण वितळून नाहीसे होते, तो त्याचा धर्मच आहे. त्या हाताचे नाव तरी कवळीबरोबरच्या चिठ्ठीवर शिल्लक राहिले पाहिजे.